‘निसर्गरम्य’ गाडी निवडताना जरा कोकणवाल्यांचंही ऐका

पाऊस ओसरू लागला की दरवर्षी तेच सुरू होतं. ‘भारतातला सर्वात सुंदर रेल्वेप्रवास’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेला व्हिडिओ फिरतो, त्याला ढगातून उतरणारं संगीत असतं, आणि दुसऱ्या दिवसापासून ओळखीच्या, बिनओळखीच्या लोकांचे मेसेज येतात. ‘दिवाळीच्या सुट्टीत कोकण रेल्वेने गोव्याला जायचंय, कुठली गाडी घेऊ? वंदे भारत की तेजस? काचेच्या छताचा डबा खरंच चांगला आहे का?’

उत्तर देतो. पण नुसतं गाडीचं नाव सांगून सोडणार नाही, कारण या प्रश्नात एक गृहीतक लपलेलं आहे आणि ते मला सहन होत नाही. ते असं, की जितकं तिकीट महाग तितका निसर्ग जास्त दिसतो.

आधी त्या व्हिडिओंबद्दल. त्यात हमखास तीन गोष्टी दाखवतात. एक, समुद्राला चिकटून धावणारी गाडी. दोन, दुधाच्या धारेसारख्या धबधब्यासमोरून जाणारी गाडी. तीन, उंचच उंच खांबांच्या पुलावरची गाडी.

पहिलं सरळ खोटं. महाराष्ट्रात कोकण रेल्वेच्या गाडीतून समुद्र दिसत नाही. मार्ग किनाऱ्यापासून बराच आत, डोंगरांच्या कुशीतून काढलेला आहे. दिसतात त्या नद्या आणि खाड्या : सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री. पुढे गोव्यात मांडवी आणि झुआरी, कर्नाटकात काळी आणि होन्नावरची शरावती. शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरहून लांब आहे, या मार्गावरचा सर्वात लांब. म्हणजे पाणीच बघायचं असेल तर मडगावला उतरून चालणार नाही, पुढे जावं लागेल. हे कोणी सांगत नाही, कारण सांगणारा स्वतः मडगावला उतरलेला असतो.

दुसरा तो धबधबा म्हणजे दूधसागर. तो कोकण रेल्वेवर नाहीच. तो कॅसलरॉक ते कुळे या घाटात आहे, लोंढ्याहून गोव्यात उतरणाऱ्या जुन्या मार्गावर. मुंबईहून पनवेल-रत्नागिरीमार्गे जाणारी कुठलीही गाडी तिथे जात नाही. तरी दरवर्षी कुणीतरी मांडवी एक्सप्रेसमध्ये बसून ‘दूधसागर कधी येणार’ म्हणून टीसीला विचारतंच.

तिसरा पूल मात्र खरा आहे. रत्नागिरी सोडल्यावर निवसरच्या आधी पानवल नदीवरचा पूल लागतो, ६४ मीटर उंच. पण तो दिसतो खालून किंवा ड्रोनमधून! गाडीत बसलेल्या माणसाला पूल कसा दिसेल? त्याला दिसते खालची दरी, तीही अर्धा मिनिट, आणि त्या अर्ध्या मिनिटात तो मोबाइल शोधत असतो.

असो. आता मुद्द्याचं.

गाडीतून कोकण किती दिसतं हे चार गोष्टींवर ठरतं. उजेड किती आहे, ऋतू कुठला आहे, कुठल्या बाजूची खिडकी आहे, आणि गाडी किती सावकाश चालते. यातली एकही गोष्ट महाग तिकिटाने मिळत नाही. चौथी तर महाग तिकिटाने कमीच होते.

उजेडाचं उदाहरण घ्या. वंदे भारत मडगावहून परत निघते दुपारी अडीचनंतर. हिवाळ्यात ती रत्नागिरी सोडते तोवर दिवस मावळायला आलेला असतो. म्हणजे संगमेश्वर, चिपळूण, खेड, सगळा जंगलाचा आणि सह्याद्रीचा पट्टा काळोखात. खिडकीच्या काचेत तुम्हाला तुमचंच तोंड दिसणार. जाताना ती पहाटे निघते, तो प्रवास उजेडात होतो, हे मान्य. पण परतीचं तिकीटही ‘निसर्ग बघायला’ म्हणून काढणारे लोक मी पाहिलेत.

आता बाजू. मुंबईहून दक्षिणेला जाताना डाव्या हाताला पूर्व, म्हणजे सह्याद्री. उजव्या हाताला खाडीकडे उतरत जाणारा मुलूख. डोंगर हवेत तर जाताना डावी खिडकी घ्या, येताना उजवी. एवढी साधी गोष्ट, पण दहा मिनिटांच्या व्हिडिओत ती नसते, जेवणाच्या ट्रेचा क्लोजअप असतो.

ऋतूचं म्हणाल तर मे महिन्यात कोकण करपलेलं असतं. सडे काळेठिक्कर, गवत पिवळं, नद्यांत खडक उघडे. आंबा खायला या, बघायला नको. खरं कोकण बघायचं ते भर पावसात, नाहीतर पाऊस ओसरताना, भात पोटरीला आलेलं असतं तेव्हा. त्या दिवसांत उक्षी स्टेशनाजवळचा रानपाटचा धबधबा गाडीतूनच दिसतो. रुळांच्या दोन्ही बाजूंना जांभा कापून काढलेल्या भिंती असतात, त्यांच्यावर नेचे आणि शेवाळ उगवतं, आणि भिंती इतक्या जवळ की हात लावावासा वाटतो (लावू नका). त्यानंतर बोगदा. या मार्गावर नव्वदहून जास्त बोगदे आहेत. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. त्यात काचेच्या छतातून जे दिसतं तेच जनरल डब्यातून दिसतं. काही नाही.

पावसाळ्यात गाड्या सावकाश चालतात, वेळापत्रकच वेगळं असतं. पर्यटक यावर वैतागतात, ‘गाडी रखडवली’ म्हणतात. ती रखडत नाही, तिला मुद्दाम सावकाश चालवतात. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरड रुळावर आली आणि सुट्टीची खास गाडी घसरली, पन्नासच्या आसपास माणसं गेली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. त्यानंतर डोंगरांवर जाळ्या आल्या, वेगावर बंधनं आली. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं तर ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही असा चालकांना आदेश असतो. रात्री-अपरात्री कंदील, बॅटरी घेऊन रुळांवरून चालणारे शेकडो गस्तीवाले पावसाळाभर या मार्गावर असतात. तुमच्या व्हिडिओतल्या ‘स्वप्नवत’ धुक्यात तो माणूस रेनकोट घालून दरडीकडे बघत उभा असतो. त्याला एकदा हात दाखवा, तोही दाखवतो.

आता काचेच्या डब्याविषयी. माझं त्याच्याशी वैर नाही. २०१७ च्या सप्टेंबरात तो दादर-मडगाव जनशताब्दीला लागला. ४४ खुर्च्या, त्या गोल फिरतात, मोठ्या खिडक्या, वर काच. म्हाताऱ्या आईवडिलांना एकदा न्यायला छानच आहे. पण ज्या जनशताब्दीला तो डबा आहे, त्याच जनशताब्दीला साध्या बैठकीचे डबेही आहेत. तेच इंजिन, तोच रूळ, तीच वेळ, तीच वाशिष्ठी. फरक इतकाच, की तिकडे भाडं कित्येक पटींनी जास्त आणि खिडकी बंद. इकडे खिडकी उघडते. उघड्या खिडकीतून ओल्या मातीचा वास येतो, चुलीच्या धुराचा येतो, सुकत घातलेल्या म्हावऱ्याचाही येतो. स्टेशनावर ‘गरम वडे’ ओरडणाऱ्या बाईचा आवाज येतो. निसर्ग म्हणजे नुसतं बघायचं चित्र आहे असं ज्याला वाटतं त्याने खुशाल काचेत बसावं. पण ते ‘जास्त चांगलं’ आहे असं दुसऱ्याला सांगू नये.

आणि ही उघडी खिडकीच आता कमी होत चालली आहे. माझं भांडण इथे आहे, वर लिहिलं ती प्रस्तावना समजा.

गेल्या काही वर्षांत देशभरातल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना एकेक करत स्लीपरचे डबे काढून एसी थ्री टियरचे लावले गेले. २०२१ पासून त्यात थ्री टियर इकॉनॉमीची भर पडली. हे करताना कुठे मोर्चा निघाला नाही, कारण गाडीचं नाव तेच, नंबर तोच, वेळ तीच. फक्त रांगेतल्या माणसाला जागा मिळेनाशी झाली. ओरड वाढल्यावर आता दहा हजारांच्या आसपास बिगर-एसी डबे आणतोय असं रेल्वे म्हणते. आले तर स्वागतच आहे, मी मोजत बसणार आहे.

कोकणात याचा अर्थ काय होतो ते सांगतो. रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरहून सुटायची. कोविडच्या बंदीत ती थांबली, आणि परत सुरू झाली ती दिव्याहून. सावंतवाडीची पॅसेंजर आधीपासून दिव्याहूनच. कागदावर बघाल तर दादर ते दिवा हे अंतर काहीच नाही. पण लालबागला राहणारी सत्तर वर्षांची बाई, बरोबर दोन पिशव्या, एक गोणपाटाचं गाठोडं आणि नातवंड, पहाटेच्या लोकलने दिव्याला पोचणार, पूल चढणार, उतरणार आणि मग जागा धरणार. हेच त्या ‘काहीच नाही’ अंतराचं माप. ही गाडी परत दादरहून सोडा म्हणून निवेदनं झाली, आंदोलनं झाली. उत्तर ठरलेलं, दादरला फलाट मोकळा नाही, मार्गावर क्षमता नाही.

क्षमता नाही हे खरंच आहे. रोहा ते वीर एवढा ४६ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. पुढे कोकण रेल्वेचा मार्ग आजही एकेरी आहे. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला स्टेशनात बाजूला उभं राहावं लागतं. कुठली उभी राहते? ज्या गाडीचं तिकीट स्वस्त ती. म्हणजे सुटीवर निघालेला माणूस सव्वा तास लवकर मडगावला पोचावा म्हणून गावच्या तेराव्याला निघालेला माणूस आरवलीला किंवा विलवड्याला उभा. याला कोणी दुष्ट म्हणणार नाही, प्राधान्यक्रमच तसा आहे. पण मग निदान ‘ही गाडी कोकणच्या विकासासाठी’ असं हिरव्या झेंड्यासमोर म्हणू नका. जून २०२३ मध्ये वंदे भारत सुरू झाली तेव्हा पनवेल सोडल्यावर महाराष्ट्रातल्या कोकणात तिचे थांबे ठेवले खेड, रत्नागिरी आणि कणकवली. चिपळूण नाही, कुडाळ नाही, सावंतवाडी नाही. दृश्य आमचं आणि हॉटेलचं बिल गोव्यात. गोव्याबद्दल आकस नाही, पण यातून चिपळूणच्या रिक्षावाल्याला काय मिळालं ते कुणीतरी सांगावं.

सावंतवाडीचं निघालं म्हणून सांगतो. तिथल्या टर्मिनसचं भूमिपूजन २०१५ मध्ये झालं. पुढची पिढी दहावी पास झाली, टर्मिनस अजून तसंच. टर्मिनस झालं असतं तर कोकणातल्या माणसासाठी कोकणातच संपणाऱ्या गाड्या सोडता आल्या असत्या. आज तुतारी सोडली तर लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या आमच्यातून जातात, आमच्यासाठी नाही.

मला इथे मधू दंडवते आठवतात. राजापूर मतदारसंघाचे खासदार, आणि १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री. त्यांच्या आधी दुसऱ्या वर्गात झोपायचं म्हणजे लाकडी फळीवर झोपायचं. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंचांचा फोम घातला. आज स्लीपरमध्ये जी गादी आहे ती त्यांची. पहिल्या वर्गाची सोय काढून घ्यायची नाही, दुसरा वर्ग वर आणायचा, अशी त्यांची भूमिका होती. पुढे ते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि श्रीधरन प्रमुख, असा योग जुळला म्हणून १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं आणि १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी पूर्ण मार्ग सुरू झाला. त्याआधी अ. ब. वालावलकर, नाथ पै अशा माणसांनी यासाठी आयुष्यं घालवली होती. रेल्वेचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२ टक्के, बाकी कर्नाटक, गोवा, केरळ असा वाटा घातला गेला, बाजारातून रोख्यांनी पैसे उभे केले. शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, भाताची, कलमांची. त्यांनी त्या मुंबईला कामाला गेलेल्या पोराला गणपतीत घरी येता यावं म्हणून दिल्या, कुणाच्या सुट्टीच्या फोटोसाठी नाही. आणि ज्या माणसाने फळीवर गादी घातली त्याच्याच मार्गावर आता ती गादीवाली फळी कमी होत चालली, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

लोक मला म्हणतात, ‘अहो, लोकांची ऐपत वाढलीय, सगळ्यांना एसीच हवाय.’ असेल. मग स्लीपरची वेटिंग लिस्ट एवढी लांब का? एसी हवा असलेल्याला एसी द्या, डबे जोडा. काढून का देता?

दुसरे म्हणतात, ‘रेल्वेने पैसे कमवायचेच नाहीत का?’ जरूर कमवावेत. काचेचा डबा ४४ माणसांचा आहे, त्याने कुणाची जागा खाल्ली असं मी म्हणत नाही. पण पर्यटनाचा पैसा मिळाला तर तो दुसरा रूळ टाकायला, पॅसेंजर दादरला आणायला लागलेला दिसू दे. २०२५ च्या गणपतीत मोटारी गाडीवर चढवून न्यायची रोरो सेवा काढली. कोलाड ते वेर्णा, एका मोटारीला ७,८७५ रुपये. म्हणजे मुंबई ते कोलाड आधी महामार्गाने झगडायचं आणि चिपळूणला, कणकवलीला उतरायचं असलेल्या माणसाला वेर्ण्याला, गोव्यात, नेऊन सोडायचं. ओरड झाल्यावर नांदगावला थांबा दिला. कल्पना वाईट नाही हो, पण कोकणात कोण राहतं हे ठरवणाऱ्याला एकदा नकाशावर दाखवायला हवं होतं.

तर, कुठली गाडी घ्यायची.

मांडवी एक्सप्रेस. मुंबईहून सकाळी सातच्या सुमारास निघते, दिवसभर कोकणातून चालते, संध्याकाळी मडगावला पोचते. येतानाही सकाळी निघते, त्यामुळे सावंतवाडीपासून रोह्यापर्यंतचा बराचसा भाग उजेडात मिळतो. तिच्या पॅन्ट्रीची ख्याती वेगळी सांगायला नको, कटलेटपासून गुलाबजामपर्यंत दर वीस मिनिटांनी कुणीतरी येतो. स्लीपरचं तिकीट मिळालं तर स्लीपरचंच काढा. नाही मिळालं तर जनशताब्दीची साधी बैठक. रात्रीच निघायचं असेल तर कोकणकन्या, तिला कणकवली-कुडाळच्या आसपास उजाडतं आणि सकाळचं सिंधुदुर्ग मिळतं, तेवढंही पुष्कळ आहे.

एका दमात मडगाव करू नका. मुंबई-चिपळूण एक तिकीट, दोन दिवसांनी चिपळूण-कुडाळ दुसरं. मध्ये संगमेश्वरला उतरून कसब्याचं कर्णेश्वराचं देऊळ बघा. गावातल्या खानावळीत जेवा. तुम्ही उतरलात, जेवलात, रिक्षा केलीत, तरच त्या ‘निसर्गरम्य’ शब्दाचे चार पैसे त्या निसर्गात राहणाऱ्याला मिळतील.

दारात उभे राहून व्हिडिओ काढू नका. बोगद्याची भिंत आणि सिग्नलचा खांब तुमचे फॉलोअर मोजत नाहीत. चिप्सची पाकिटं खिडकीतून टाकू नका, खाली कुणाचं तरी खाचर असतं आणि ते पाकीट लावणी करणाऱ्या बाईच्या पायाखाली येतं.

आणि एक विनंती, ही मात्र मनापासून. गणपतीच्या आधीचे आठ दिवस आणि गौरीविसर्जनानंतरचे चार दिवस, तसंच शिमग्याचे दिवस, तुमची सहल या मार्गावर ठेवू नका. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. त्या सकाळी आठ वाजता परळ, डोंबिवली, नालासोपाऱ्यात घराघरांत लोक फोन आणि लॅपटॉप घेऊन बसलेले असतात, आणि काही मिनिटांत सगळं संपतं. त्यातली एक बर्थ तुम्ही धबधबा बघायला घेतलीत तर कायद्याने तुमचं काही चुकत नाही. पण कुणाच्या तरी घरी आरतीला एक माणूस कमी असतो. धबधबा ऑक्टोबरातही थोडाफार असतोच.

मांडवीच्या डाव्या खिडकीबद्दल, कुठे उतरावं, कुठे जेवावं याबद्दल काही विचारायचं असेल तर खुशाल विचारा, रात्री बसून उत्तरं देतो. वंदे भारतमध्ये नाश्त्याला काय देतात हे मात्र मला विचारू नका.